तिकीट मसूरपर्यंतच होते!

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातले मसूर हे गाव भाविक मंडळींना ठाऊक आहे ते रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीमुळे. चाफळ, उंब्रज, शहापूर, मसूर असे मारुती एका दिवसात उरकणारे यात्रेकरू असतात. पर्यटनाच्या पुस्तकांतही मसूरची ओळख बहुतेक एवढ्यावरच संपते. आंबेडकरी माणसाचे मसूर मात्र वेगळे आहे. ते देवळात नाही, रेल्वे स्टेशनवर आहे. पुणे-मिरज मार्गावर रहिमतपूर, तारगाव सोडले की मसूर लागते आणि पुढे शिरवडे, कराड. मोठ्या गाड्या येथून न थांबता धडधडत निघून जातात. अशा या लहानशा स्टेशनावर १९०१ च्या उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांसह उतरला होता. त्या संध्याकाळी जे घडले ते चळवळीतल्या माणसाने कधी ना कधी वाचलेले, निदान भाषणात ऐकलेले असते. पण ते रेल्वेच्या फलाटावर घडले, रेल्वेच्याच नोकराच्या तोंडून घडले, आणि तो रेल्वेमार्ग कशासाठी बांधला गेला होता, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

हा मार्ग दुष्काळाचे अपत्य आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारत होरपळून निघाला, लाखो माणसे मेली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये सरकारला सांगितले की, दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवायचे असेल तर रेल्वे वाढवा. त्यातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. भांडवलदारांना सरकारने परताव्याची हमी दिली. म्हणजे दुष्काळ रयतेचा आणि हमी भागधारकांना! प्रथम होटगी-गदग मार्ग हाती घेतला गेला आणि पुढे पुण्याहून सातारा जिल्ह्यातून, मिरज-बेळगाव करीत लोंढ्यापर्यंत मीटर गेजचे रूळ पडले. १८९० च्या सुमारास हे काम पुरे झाले. मिरजेहून कोल्हापूरला जाणारा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला, तो कोल्हापूर संस्थानचा. अरुंद रूळ स्वस्त पडत म्हणून ते निवडले गेले. पुण्याला मात्र मुंबईकडून येणारा रूंद रूळ आणि दक्षिणेकडे जाणारा अरुंद रूळ यांची गाठ पडेना. त्यामुळे एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत वाहून नेणाऱ्या हमालांच्या पाठी सुमारे ऐंशी वर्षे मोडत राहिल्या.

आता या दुष्काळी रेल्वेने दुष्काळ हटला का? १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा साताऱ्यातून आगगाडी धावू लागून दशक उलटले होते. धान्य गाडीने येऊ शकत होते, पण ते विकत घेण्याचा पैसा गाडीने येत नव्हता. ज्याच्याकडे जमीन नाही, जो बलुत्याच्या मूठभर दाण्यांवर आणि दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर जगतो, त्याच्या दारात मालगाडी आणून उभी केली तरी त्याचे मडके रिकामेच राहणार. म्हणून सरकारला पुन्हा दुष्काळी कामे काढावी लागली. खडी फोडायची, रस्ते करायचे, तलाव खोदायचे. खटाव तालुक्यातल्या गोरेगावी असाच एक तलाव खोदण्याचे काम चालू होते आणि तेथे रोखपाल म्हणून नोकरी करीत होते निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ. खटाव म्हणजे जोतीराव फुल्यांच्या कटगुणचा तालुका.

येथे एक खुलासा करून ठेवतो. अनेक ठिकाणी या गावाचे नाव ‘कोरेगाव’ असे छापलेले आढळते आणि वाचक समजतो की हे साताऱ्याजवळचे तालुक्याचे कोरेगाव. तसे ते असू शकत नाही. बाबासाहेबांनी स्वतः खटाव तालुका असे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय तालुक्याच्या कोरेगावला याच मार्गावर स्वतःचे स्टेशन आहे आणि साताऱ्याकडून निघाले की ते मसूरच्या कितीतरी आधी लागते. कोरेगावला जायचे असते तर मुले मसूरला कशाला उतरली असती?

भीमरावाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले होते. आई भीमाबाई १८९६ मध्येच गेलेली. वडील गोरेगावी, मुले साताऱ्यात आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जायचे ठरले, तेव्हा मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आगगाडी त्यांनी तोपर्यंत पाहिलेलीसुद्धा नव्हती. नवे सदरे, जरीच्या झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा थाट झाला. स्टेशन घरापासून दहा मैलांवर, तेव्हा टांगा केला. तिकिटे काढली. हातात खर्चायला पैसे होते, म्हणून स्टेशनवर पोरांनी ऐटीत लेमोनेडच्या बाटल्या मागवून प्यायल्या. बाबासाहेबांनी हा तपशील आठवणीने नोंदवला आहे आणि वाचकाने तो लक्षात ठेवावा. दुपारी पैसे टाकून जो मुलगा लेमोनेड पिऊ शकला, त्याच मुलाला त्या रात्री पिण्यालायक पाण्याचा एक घोट मिळाला नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला आली. बाकीचे उतारू पाचदहा मिनिटांत पांगले. वडील किंवा त्यांचा शिपाई न्यायला येईल म्हणून मुले थांबून राहिली. कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आला, तिकिटे मागितली, मुलांनी दाखवली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणाची मुले वाटली आणि त्यांची अडचण पाहून त्याला कळवळाही आला. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्याने विचारले, तुम्ही कोण? पोरगा पटकन बोलून गेला, आम्ही महार. त्या एका शब्दासरशी मास्तरचा चेहरा बदलला. तो आपल्या खोलीत निघून गेला आणि मुले फलाटावर तशीच उभी राहिली. सूर्य मावळायला आला होता.

वाचकहो, या प्रसंगात तिकिटाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तिकीट खरे होते, ते पाहून झाले होते. गाडीत बसताना कोणी जात विचारली नव्हती. कंपनीला प्रत्येक डोक्यामागे भाडे हवे होते आणि जातवार डबे जोडत बसणे तिला परवडणारे नव्हते. म्हणून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोण कोणाला खेटून बसले याची चौकशी होत नसे. सनातनी मंडळी याबद्दल बोटे मोडीत, पण गाडीत बसतच, कारण काशी-पंढरपूरला पायी जाण्यापेक्षा विटाळ परवडला! ही ‘समता’ मात्र दोन फलाटांच्या मधलीच. गाडी थांबली, तिकीट परत घेतले, की कंपनीचा आणि उतारूचा संबंध संपला आणि गावाचा सुरू झाला. मसूरला तर गाव सुरू होण्याआधीच जात सुरू झाली. ज्याच्या अंगावर कंपनीचा पोशाख, ज्याचा पगार कंपनीचा, तो मास्तर कंपनीच्याच फलाटावर पहिल्यांदा जातीचा माणूस ठरला आणि मग कंपनीचा नोकर.

पुढचे वाचकांना माहीत आहे. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, परंतु दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान महाराच्या पोरांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी मास्तरनेच तोड काढली. गाडी तुम्हाला हाकता येईल काय, असे त्याने विचारले. मुले आनंदाने हो म्हणाली. ठरले असे की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. गाडीही त्याची, बैलही त्याचे, पैसेही त्याचे. फक्त बाट लागू नये म्हणून आपल्याच गाडीचा मालक धुळीतून चालत निघाला आणि कासरा लहान मुलांच्या हाती! काही लेखक या मास्तरचे कौतुक करतात. त्याने शेवटी मार्ग तर काढला ना, असे म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. त्याने काढलेल्या मार्गात कोणाच्याही जातीला ओरखडा उठला नाही, उठला तो फक्त मुलांच्या खिशाला आणि जिवाला. रात्रीच्या वेळी अनोळखी रस्त्यावर लहान मुलांच्या हाती बैल देणे ही सुरक्षितता आहे काय, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. व्यवस्थेतला ‘भला माणूस’ बहुधा असाच असतो. बाबासाहेबांनी त्याच्यावर आगपाखड केलेली नाही, त्याचे नावही दिलेले नाही. त्यांनी फक्त त्याच्या चेहऱ्यावरचा बदल टिपून ठेवला.

बरोबरचे जेवण पाण्यावाचून तसेच राहिले. ओढ्याचे पाणी शेणामुताने घाण झालेले. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून भीमरावाने आपण मुसलमान असल्याचे सांगत उर्दूत पाणी मागितले, तरी मिळाले नाही. तुमच्यासाठी पाणी कोणी ठेवले आहे, पाहिजे तर डोंगरावर जाऊन आणा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत मुले गोरेगावी पोचली, तेव्हा रामजींना धक्काच बसला. पत्र आले होते, पण शिपाई ते त्यांना द्यायला विसरला होता. पाण्यासाठी तलाव खोदला जात असलेल्या ठिकाणी, तहानेने व्याकूळ झालेली मुले अशी पोचली.

ही हकीकत बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आहे. त्यांच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ती पुस्तिका काढली आणि १९९३ मध्ये ती शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आली. या आठवणी सलग वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. बाबासाहेबांचे अपमान पुन्हा पुन्हा स्टेशनच्या आसपास घडतात. विलायतेहून शिकून आलेला हा विद्वान बडोद्याला नोकरीसाठी उतरतो आणि राहायला जागा मिळत नाही. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेला जमाव बाहेर काढतो आणि मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत तो पाच तास कामाठी बागेत बसून काढतो.

आणि चाळीसगाव. मसूरशी त्याचे साम्य इतके आहे की वाचताना अंगावर काटा येतो. २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याकडच्या एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून परतत होते. चाळीसगाव स्टेशनवर तेथील बांधवांनी त्यांना रात्रभर थांबण्याचा आग्रह केला. महारवाडा रुळांच्या पलीकडे, वाटेत नदी आणि तिच्यावर मोरी. टांगेवाल्यांपैकी एकही जण अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. तडजोड निघाली ती मसूरचीच. टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसेना, म्हणून सवय नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. मोरीवर घोडा बिथरला, चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले, टांगा-घोडा नदीत गेला. १९०१ ते १९२९, अठ्ठावीस वर्षे! मधल्या काळात कोलंबिया झाले, लंडन झाले, डॉक्टरेट झाल्या, बॅरिस्टरी झाली, कायदेमंडळाचे सदस्यत्व झाले. स्टेशनच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या टांगेवाल्याच्या लेखी यातले काहीच घडले नव्हते.

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात भाकीत केले होते की, रेल्वेमुळे जे आधुनिक उद्योग उभे राहतील ते जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. आमच्या कम्युनिस्ट मित्रांना हे वाक्य अजून फार प्रिय आहे. भाकीत सगळेच खोटे ठरले असे आम्ही म्हणणार नाही. गावकीच्या कामातून सुटून मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात आपला माणूस पोचला तो याच रुळांवरून. परळच्या चाळी नसत्या तर चळवळीचा इतिहास वेगळा झाला असता. याच मार्गावर कुंडल रोड स्टेशनजवळ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगार नेणारी गाडी लुटली. उद्योगाचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, सांगितला जावाही. परंतु मार्क्सच्या भाकिताने एक गोष्ट गृहीत धरली नव्हती. रेल्वेने जातीची श्रमविभागणी मोडण्याऐवजी ती आपल्या हजेरीपटावरच उतरवून घेतली.

हे बाबासाहेबांनी १९३८ मध्येच सांगून ठेवले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी त्यांनी तेथेच केली. ती सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणातला दुसरा तपशील आम्हाला मसूरकडे घेऊन जातो. रेल्वेतला अस्पृश्य जन्मभर गँगमनच राहतो, असे ते म्हणाले. त्याला साधे पोर्टरही करीत नाहीत. का? तर पोर्टरकडून स्टेशनमास्तर आपल्या घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही! मसूरच्या मास्तरने खोलीचे दार लावून घेतले होते. सदतीस वर्षांनी तोच मुलगा अध्यक्षीय भाषणात त्या दाराचा हिशेब मांडत होता. त्या दाराला त्याने पाचच वर्षांत पाचर मारली. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. लहान स्टेशनांवर तिकिटाच्या खिडकीआड, सिग्नलच्या खोलीत, कोठे कोठे खुद्द स्टेशनमास्तरच्या खुर्चीवर आपला माणूस बसू लागला तो त्यानंतरच्या पिढ्यांत.

मार्गाचे मालक बदलत गेले. १९०८ मध्ये सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. ती १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. तारीख १४ एप्रिल, म्हणजे बाबासाहेबांचा साठावा वाढदिवस. योगायोगच, पण नोंदवावासा वाटला. १९६६ मध्ये मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. १९७१ मध्ये अरुंद रूळ उखडून रूंद रूळ आले. २००३ मध्ये मध्य रेल्वेचा पुणे विभाग झाला. आता विजेच्या गाड्या धावतात.

एक काम मात्र ना गेजबरोबर बदलले ना झोनबरोबर. डब्यातल्या संडासाची घाण थेट रुळांवर पडत असे आणि ती हातांनी उचलणारे हात कोणाचे, हे आम्ही सांगायला नको. फलाटावर सगळ्या जाती, फलाटाखाली एकच. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, निकाल लागायला २७ मार्च २०१४ उजाडला. त्यात न्यायालयाने रेल्वेला रुळांवरची ही प्रथा ठराविक मुदतीत बंद करण्यास बजावले. त्यानंतर डब्यांना जैविक संडास बसले, हे मान्य. पण सफाईची कामे कंत्राटदाराकडे गेली आणि कंत्राटात आरक्षण नसते. १९४३ मध्ये लावलेली पाचर अशी हळूच काढून घेतली जात आहे. जात मात्र जुनीच लागते. कंत्राटदाराला सफाईसाठी माणसे कोठल्या वस्तीतून आणायची हे कोणी शिकवावे लागत नाही. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात हा मुद्दा पहिल्या पानावर का नसतो?

लहान स्टेशनांचाही प्रश्न आहेच. २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये मागे घेतले गेले. तोवर गोरगरिबांनी, मजुरांनी, कॉलेजच्या पोरांनी ते भाडे मोजले. फलाटावर संगमरवर बसवण्याची चर्चा ऐकू येते, ती मोठ्या स्टेशनांची. मसूरसारख्या स्टेशनाला संगमरवर नको, थांबणारी गाडी हवी.

भीमरावाच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून निबंध, भाषणे, प्रतिमापूजन होते. सातारा-कराड भागातल्या आपल्या शिक्षकांना आणि युवक मंडळांना आमची एक सूचना आहे. यंदा निबंध थोडा बाजूला ठेवा. पोरांना साताऱ्याहून पॅसेंजरने मसूरला न्या, प्रत्येकाचे तिकीट प्रत्येकाच्या हातात द्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरता येईल अशी गाडी मिळाली तर उत्तम. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची पहिली काही पाने फलाटावरच मोठ्याने वाचा, मास्तरांची परवानगी आधी काढून ठेवा. आणि आपल्या मुलांबरोबर गावातल्या इतर समाजाची मुलेही न्या, पाण्याच्या बाटल्या एकाच पिशवीत भरून.